शोल लेक ४० : एका छोट्या ओजिबवे वस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विनिपेगला राहणारे, तिथं शिकायला निघालेले आणि कॅनडाच्या मूळनिवासींबद्दल वाचणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथं एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट मागाहून. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शोल लेक ४० कुठे आहे? केवढं आहे?

कॅनडात, मॅनिटोबा आणि ऑन्टारियो या दोन प्रांतांच्या हद्दीवर, शोल नावाच्या सरोवराच्या पश्चिम टोकाला. सरोवर सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. त्याचा बहुतेक भाग ऑन्टारियोत येतो; पश्चिमेकडचा इंडियन बे नावाचा फाटा बराचसा मॅनिटोबात. अ‍ॅश रॅपिड्स नावाच्या अरुंद खळाळातून हे सरोवर शेजारच्या अवाढव्य 'लेक ऑफ द वुड्स'ला जोडलेलं आहे. विनिपेग शहर इथून पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटर, आणि बाजारहाट, दवाखाना, हायस्कूल यांसाठी जवळचं केनोरा पूर्वेला.

गावात राहणारी माणसं अडीचशे-तीनशे. नोंदणीकृत सदस्य त्याहून बरेच जास्त आहेत, कारण कित्येक कुटुंबांना गाव सोडावं लागलं. का, ते प्र. ९ आणि १० मध्ये कळेल.

२. ओजिबवे, अनिशिनाबे, चिपेवा, सोल्तो ही वेगवेगळ्या लोकांची नावं आहेत का?

नाही. लोक स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. ओजिबवे हे त्यांतल्या मोठ्या गटाचं नाव, त्याचंच अमेरिकेत चिपेवा झालं, आणि फ्रेंच व्यापाऱ्यांनी धबधब्याजवळच्या लोकांना दिलेलं सोल्तो हे नाव मॅनिटोबात रुळलं. माणसाला तुम्ही अनिशिनाबे म्हणालात तर कुठेही चुकणार नाही.

३. नावातला '४०' कसला?

सरकारी यादीतला रिझर्व्हचा, म्हणजे राखीव जमिनीचा (प्र. ५), क्रमांक. गावाचं स्वतःचं नाव केकेकोझीबी, म्हणजे ससाण्याची नदी. शेजारी ३९ क्रमांकही आहे, पण ते वेगळं गाव (प्र. २१).

४. कागदपत्रांत 'इंडियन' लिहिलेलं असतं. आम्ही भारतीय तिथं गेल्यावर घोळ होत नाही का?

होतो, आणि कायद्यामुळे होतो. १८७६ चा 'इंडियन अ‍ॅक्ट' अजून लागू आहे, त्यामुळे 'स्टेटस इंडियन', 'इंडियन रिझर्व्ह' हे शब्द फक्त कायद्याच्या अर्थानं टिकून आहेत. बोलताना तो शब्द वापरू नका, बहुतेकांना तो खुपतो. समाजाला 'फर्स्ट नेशन' म्हणतात, माणसाला अनिशिनाबे. स्वतःची ओळख सांगताना 'भारतातून आलोय' असं देशाचं नाव घेऊन सांगा, घोळ तिथंच मिटतो.

५. रिझर्व्ह म्हणजे काय? जमीन गावाच्या मालकीची असते का?

कायद्यानं जमीन राजमुकुटाच्या, म्हणजे व्यवहारात कॅनडा सरकारच्या नावावर असते. ती एका फर्स्ट नेशनच्या उपयोगासाठी राखून ठेवलेली. सदस्याला घरासाठी तुकडा मिळतो तो गावच्या कौन्सिलच्या ठरावानं. त्याला ताबा मिळतो, विकता येईल अशी मालकी मिळत नाही. बाहेरच्या माणसाला तो तुकडा खरेदी करता येत नाही.

याचा सगळ्यात मोठा परिणाम घरबांधणीवर होतो. कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे रिझर्व्हवरची मालमत्ता बाहेरच्या सावकाराला जप्त करता येत नाही. वाचायला हे संरक्षण वाटतं, आणि ते आहेही. पण जप्त करता येत नाही म्हणून बँक तारण मानत नाही, आणि तारण नाही म्हणून साधं गृहकर्ज मिळत नाही. मग केंद्रीय मंत्र्याची हमी घेऊन कर्ज काढावं लागतं, किंवा कौन्सिलनं बांधलेल्या घरांच्या यादीत नंबर लावून थांबावं लागतं. एका घरात तीन पिढ्या दिसल्या तर त्यामागे एकत्र कुटुंबाची आवड असते, तसं हे गणितही असतं.

६. ही जमीन त्यांना मिळाली कशी? आणि दरवर्षी पाच डॉलर मिळतात हे खरं का?

'मिळाली' हा शब्द उलटा आहे. जमीन त्यांचीच होती; राखून ठेवायचा भाग कोणता, एवढंच करारात ठरलं. ३ ऑक्टोबर १८७३ रोजी लेक ऑफ द वुड्सच्या नॉर्थवेस्ट अँगल या ठिकाणी 'करार क्रमांक ३' झाला. सरकारच्या बाजूनं लेफ्टनंट गव्हर्नर अलेक्झांडर मॉरिस होते, समोर ओजिबवे प्रमुख. प्रदेश सुमारे ५५,००० चौरस मैल. बदल्यात पाच जणांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल या प्रमाणात राखीव जमीन, सहीच्या वेळी माणशी १२ डॉलर, दरवर्षी माणशी ५ डॉलर, प्रमुखाला वर्षाला २५ डॉलर, दारूगोळा आणि जाळ्यांच्या सुतळीसाठी मिळून वर्षाला १,५०० डॉलर, शाळा, आणि शिकार-मासेमारी पूर्वीसारखी चालू ठेवण्याचं वचन.

पाच डॉलरची गोष्ट खरी आहे. रक्कम १८७३ पासून बदललेली नाही. आजही 'करार दिना'ला सरकारी अधिकारी येऊन नोट हातात देतो. लोक ती घेतात, कारण दरवर्षी देणारा आला म्हणजे करार जिवंत आहे हे त्यालाही मान्य करावं लागतं. तिला मदत किंवा अनुदान म्हणू नका.

७. गाव बेटावर आहे असं वाचलं. मग नकाशात जमिनीला जोडलेलं का दिसतं?

कारण ते मुळात बेट नव्हतंच. ते भूशिर होतं, माणसांनी कालवा खणून त्याचं बेट केलं. शोल लेक ४० समजून घ्यायचं तर हा एकच प्रसंग नीट समजून घ्यावा, बाकी सगळं त्यातून निघतं.

विनिपेगची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ४२,००० होती, १९११ मध्ये १,३६,०००. शहरात विहिरींचं पाणी जड आणि अपुरं, त्यात १९०४-०५ मध्ये विषमज्वराची मोठी साथ आली. शहरानं पाण्याचा शोध घेतला आणि शोल लेक निवडलं. कारण साधं होतं : पाणी मऊ आणि नितळ, आणि सरोवर शहरापेक्षा सुमारे ३०० फूट उंचावर, म्हणजे पंपाशिवाय उतारानं पाणी येणार. १९१३ मध्ये ग्रेटर विनिपेग वॉटर डिस्ट्रिक्ट ही संस्था झाली. सरोवराचं पाणी अमेरिकेच्या हद्दीला लागणाऱ्या लेक ऑफ द वुड्सशी जोडलेलं असल्यानं दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाची परवानगी लागली. ती जानेवारी १९१४ मध्ये मिळाली : दिवसाला १० कोटी गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे ४५ कोटी लिटर. १९१५ ते १९१९ या काळात काँक्रीटचा १५६ किलोमीटरचा जलवाहक बांधला गेला आणि १९१९ च्या वसंतात पाणी विनिपेगला पोचलं.

अडचण एकच उरली होती. पाणी उचलायची जागा होती इंडियन बेमध्ये, आणि त्याच खाडीत फाल्कन नदी येऊन मिळायची. ती शेवाळाच्या दलदलीतून येते, पाणी चहासारखं तांबूस. शहराला ते नको होतं. म्हणून खाडीत बांध घालून नदी अडवली आणि कालवा खणून तिचं पाणी शेजारच्या स्नोशू बेकडे वळवलं. तो कालवा भूशिराच्या मानेतून गेला. अलीकडे जुनी वस्ती आणि दफनभूमी, त्यांवर शहराचं बांधकाम; पलीकडे लोक, चारी बाजूंनी पाण्यात. शहराकडे स्वच्छ पाणी गेलं, आणि गढूळ पाणी गावाच्या बाजूला वळलं.

८. लोकांनी संमती दिली होती का? मोबदला किती मिळाला?

संमती लागलीच नाही. इंडियन अ‍ॅक्टमध्ये १९११ साली दुरुस्ती झाली होती : रेल्वे, रस्ते, सार्वजनिक कामं यांसाठी नगरपालिका किंवा कंपनीला सरकारच्या मंजुरीनं रिझर्व्हची जमीन घेता येईल, बँडचं (कायद्याच्या भाषेत त्या रिझर्व्हच्या समाजाचं) मत न घेता. त्या आधारे १९१५ मध्ये सुमारे ३,००० एकर गेले. यात सरोवराचा तळ आणि बेटंही होती. मोबदला सुमारे १,५०० डॉलर, आणि तोही इंडियन अफेअर्स खात्यानं ठरवलेला. तुलनेसाठी : जलवाहकाचा सगळा खर्च दीड कोटी डॉलरच्या पुढे गेला.

'मग तेव्हाच कोर्टात का गेले नाहीत?' हाही प्रश्न येतो. १९२७ पासून १९५१ पर्यंत जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी गोळा करणं किंवा वकील लावणं हाच कायद्यानं गुन्हा होता. केंद्राच्या निवडणुकीत बिनशर्त मताधिकार मिळाला तो १९६० मध्ये.

९. विनिपेग ज्या सरोवराचं पाणी पितं, तिथल्याच गावाला पाणी उकळून पिण्याची सूचना २४ वर्षं? हे कसं शक्य आहे?

सरोवर नितळ असलं तरी कच्चं पाणी पिण्याजोगं नसतं. त्यात जंतू असतात, आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे सूक्ष्म परजीवी नुसत्या क्लोरीननं मरत नाहीत. त्यासाठी गाळण आणि अतिनील किरणं लागतात. विनिपेगच्या बाजूला प्रक्रिया आहे, गावात ती नव्हती. १९९७ मध्ये 'पाणी उकळून प्या' ही सूचना लागली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये उठली.

मधल्या काळात प्रक्रिया केंद्र का बांधलं नाही? कारण रस्ता नव्हता. सिमेंट, खडी, यंत्रं, सगळं तराफ्यावरून किंवा बर्फावरून न्यायचं म्हटल्यावर अंदाजपत्रक फुगायचं, आणि 'इतक्या थोड्या लोकांसाठी इतका खर्च' म्हणून फाइल मागे पडायची. आणि लोक थोडे का? रस्ता आणि पाणी नाही म्हणून गाव सोडून गेलेले. हे चक्र नीट लक्षात घ्या, नाहीतर सरकारी कागदातलं 'प्रति माणशी खर्च' हे वाक्य न्याय्य वाटायला लागतं.

तोवर पिण्याचं पाणी मोठ्या बाटल्यांतून यायचं. घरोघरी उचलून न्यायचं, म्हाताऱ्यांसाठी दुसऱ्या कुणीतरी. नळाच्या पाण्यानं अंघोळ आणि धुणीभांडी चालायची, पण दात घासायला, तान्ह्या बाळाचं दूध करायला, भाजी धुवायला तेही चालत नव्हतं.

१०. रस्ता नव्हता तेव्हा ये-जा कशी व्हायची?

उन्हाळ्यात तराफ्यासारख्या फेरीवरून गाडी पलीकडे न्यायची. कडक हिवाळ्यात सरोवरावर बर्फाचा रस्ता. खरी जिवावरची वेळ दोनदा यायची : नोव्हेंबर-डिसेंबरात बर्फ धरताना आणि एप्रिलच्या आसपास फुटताना. फेरी चालत नाही आणि बर्फ वजन घेत नाही.

कॅनडात शिकवला जाणारा साधारण ठोकताळा असा : स्वच्छ निळसर बर्फ १० सेंटिमीटर असेल तर एक माणूस चालेल, १२ ते १५ वर स्नोमोबाइल, मोटार किमान २० ते ३० वर. पांढरा, दुधी बर्फ निम्म्याच ताकदीचा. पण ठोकताळा फसतो तो प्रवाहामुळे. सामुद्रधुनीसारख्या चिंचोळ्या जागी, ओढ्याच्या तोंडाशी, वेताच्या बेटांभोवती पाणी खालून बर्फ खात राहतं. दहा पावलांवर जाडी निम्मी होते. वर ताजं भुसभुशीत बर्फ पडलं की ते दुलईचं काम करतं आणि खालचा थर घट्ट होत नाही, शिवाय भेगही दिसत नाही. या पाण्यात गावची माणसं गेली आहेत. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी वेळेवर येऊ शकत नव्हती, आणि आठवीनंतर मुलांना शिक्षणासाठी बाहेर राहावं लागायचं. २०१५ मध्ये फेरी तपासणीत नापास झाली, तेव्हा गावानं आणीबाणी जाहीर केली.

११. फ्रीडम रोड म्हणजे तोच रस्ता का? कुणी बांधला?

तोच. २४ किलोमीटरचा, बारमाही, खडीचा, ट्रान्स-कॅनडा महामार्गाला जोडणारा. खर्च सुमारे ३ कोटी डॉलर, केंद्र, मॅनिटोबा आणि विनिपेग शहर यांनी वाटून घेतला. जून २०१९ मध्ये खुला झाला, म्हणजे विनिपेगला पाणी पोचल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

तो आपोआप झाला नाही. २०१४ मध्ये विनिपेगला मानवी हक्कांचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. त्याच्या प्रांगणातल्या पाण्याच्या कुंडांत शोल लेकचंच पाणी. त्याच वेळी गावानं स्वतःचं 'कॅनडातल्या मानवी हक्कभंगांचं संग्रहालय' जाहीर केलं : इमारत नाही, गाव हेच दालन. पाहुण्यांना कालवा, फेरी, बाटल्यांचा ढीग दाखवायचा. तेव्हाचे प्रमुख अर्विन रेडस्काय यांनी पत्रकारांना आणि चर्चच्या गटांना हे हिंडून दाखवलं आणि विनिपेगचे नागरिक रस्त्यासाठी उभे राहिले. इतकी साधी, नेमकी मोहीम क्वचित दिसते. आकडे वाचून कुणी हललं नव्हतं. कालव्याच्या काठावर उभं राहिल्यावर माणसं हलली.

१२. आता पाणी ठीक आहे का?

हो. सप्टेंबर २०२१ मध्ये नवं प्रक्रिया केंद्र सुरू झालं, खर्च सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर. आधी रस्ता आणि मग दोन वर्षांत पाणी, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्र. ९ मधलं चक्र रस्त्यानंच तुटलं.

१३. पोटापाण्याचं काय? मासेमारी चालते का?

शोल लेकमध्ये वॉलाय हा मासा मुख्य. अतिउपशामुळे त्याचा साठा कोसळला आणि १९८३ मध्ये ऑन्टारियोनं ती मासेमारी बंद केली. एका पिढीचा धंदा गेला. त्याआधी गावानं दुसरी वाट काढली होती : काठावर सुट्टीच्या घरांसाठी भूखंड पाडून भाड्यानं द्यायचे. विनिपेगनं पाणी दूषित होईल म्हणून विरोध केला आणि योजना अडली. त्यातून पुढचा करार निघाला (प्र. १४). आज कामं आहेत ती कौन्सिल, शाळा, आरोग्य केंद्र, पाणी केंद्र आणि बांधकाम यांत. शिवाय शिकार, सापळे, मनोमिन (प्र. १५).

१४. विनिपेग गावाला पाण्याचे पैसे देतं का?

लिटरमागे दर, असं नाही. १९८९ मध्ये गाव, विनिपेग आणि मॅनिटोबा यांच्यात ६० वर्षांचा त्रिपक्षीय करार झाला. शहर आणि प्रांत यांनी मिळून ६० लाख डॉलरचा निधी ठेवला. गावानं पाण्याला धोका होईल असा विकास न करण्याचं मान्य केलं. हा पाण्याचा मोबदला नाही, विकास सोडून दिल्याची भरपाई आहे. या दोन गोष्टी बातम्यांमध्ये सर्रास एकत्र होतात.

१५. मनोमिन म्हणजे 'वाइल्ड राइस' ना? तो शेतात पेरतात का?

तोच, पण तो तांदूळ नव्हे. साळीच्याच कुळातलं झिझानिया नावाचं पाणगवत. सरोवराच्या उथळ, संथ पाण्यात, साधारण गुडघा ते कंबरभर खोलीत आपोआप येतं. वार्षिक आहे : जो दाणा पाण्यात पडतो तोच पुढच्या वर्षी उगवतो. त्यामुळे संपूर्ण झोडून घेणारा स्वतःचंच बी खातो.

सगळ्यात नाजूक काळ जूनचा. तेव्हा लांब पानं पाण्यावर आडवी तरंगतात आणि मुळं अजून पक्की नसतात. पाण्याची पातळी अचानक चढली तर रोप उपटून वर येतं आणि त्या वर्षीचं पीक गेलं. १८८० च्या दशकापासून केनोराला बांध झाले आणि लेक ऑफ द वुड्सची पातळी चढली, तेव्हा या भागातली मनोमिनची कितीतरी रानं बुडाली ती अशी.

कापणी ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्या महिन्याचं नावच 'मनोमिन काढायचा चंद्र'. होडीत दोघं असतात. मागचा उभा राहून टोकाला फाटा असलेल्या लांब काठीनं होडी रेटतो. वल्हं चालत नाही, ते देठ मोडतं. पुढचा बसून दोन हलक्या देवदाराच्या काठ्या वापरतो : एकीनं ताटं होडीवर वाकवायची, दुसरीनं हलकेच घासून झटकायची. पिकलेला दाणा स्पर्शानंच गळतो. जोरानं झोडणं ही नवख्याची नेहमीची चूक. हिरवा दाणा वाया जातो आणि ताट मोडलं की दुसऱ्या फेरीला काही उरत नाही. कणीस वरून खाली टप्प्याटप्प्यानं पिकतं म्हणून त्याच रानात तीन-चार दिवसांनी पुन्हा जायचं.

मग घरचं काम. दाणे चादरीवर पसरून दिवसभर वाळवायचे, काड्या-किडे काढायचे. लोखंडी कढईत मंद लाकडी आचेवर भाजायचे, हात थांबू न देता हलवत, टरफल ठिसूळ होऊन दाणा गडद आणि चकचकीत दिसेपर्यंत. आच मोठी झाली तर दाणा फुटून लाही होते. कच्चा राहिला तर साठवणीत बुरशी धरते. भाजलेले दाणे खड्ड्यात घालून स्वच्छ मऊ मोकॅसिन (कातडी जोडे) घातलेल्या पायांनी तुडवतात. आपल्याकडचं कांडणं, फक्त मुसळाऐवजी पाय. शेवटी भूर्जाच्या सालीच्या पसरट परातीत उफणतात. सुपात धान्य पाखडणाऱ्या आजीला ती मनगटाची लय शिकवावी लागणार नाही. शंभर किलो ओल्या दाण्यातून हाती चाळीस-पन्नास किलो येतात.

दुकानात मिळणारा काळाकुट्ट, एकसारखा 'वाइल्ड राइस' बहुधा शेतात लावलेला आणि यंत्रानं काढलेला असतो. सरोवरातला, हातानं भाजलेला मनोमिन तपकिरी-करड्या मिश्र रंगाचा असतो.

१६. घरी शिजवला तर कडक राहिला. काय चुकलं?

आपल्या भाताच्या सवयीनं दुप्पट पाणी घातलंत. एका वाटीला तीन ते चार वाट्या पाणी घ्या. शेतातला काळा असेल तर मंद आचेवर पाऊण ते एक तास, सरोवरातला असेल तर पंधरा ते पंचवीस मिनिटं. दाणा मधोमध फुटून कड वळायला लागली की झाला. उरलेलं पाणी निथळून टाका. दोन्ही प्रकार एकत्र शिजवू नका.

१७. निवासी शाळेचा या गावाशी काय संबंध?

थेट. मूळनिवासी मुलांना घरापासून दूर ठेवून शिकवणाऱ्या, सरकारच्या पाठिंब्यानं चर्च चालवत असलेल्या त्या निवासी शाळा. प्रेस्बिटेरियन चर्चची सेसिलिया जेफ्री शाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोल लेकच्याच काठी उघडली, आणि १९२९ मध्ये केनोराजवळ गेली. इथल्या प्रमुखांनी १९०२ मध्ये चर्चकडून लेखी अटी घेतल्या होत्या : लहान मुलांना जड काम द्यायचं नाही, मोठ्यांना किमान अर्धा दिवस वर्गात बसवायचं, आईवडलांच्या परवानगीशिवाय बाप्तिस्मा नाही, सणाला मूल घरी न्यायची मुभा. आधी थोडीच मुलं पाठवू, नीट वागवलंत तर आणखी पाठवू, असंही त्यांनी बजावलं होतं. म्हणजे लोकांना शिक्षण नको होतं हा समज चुकीचा आहे. शिक्षण हवं होतं, मुलं गमवायची नव्हती. अटी पाळल्या गेल्या नाहीत. याच शाळेतून ऑक्टोबर १९६६ मध्ये बारा वर्षांचा चेनी वेनजॅक शेकडो किलोमीटर दूरच्या घराकडे रेल्वेरुळांवरून चालत निघाला आणि थंडीनं वाटेतच गेला. शाळा १९७० च्या दशकात बंद झाली.

गावातल्या वयस्कर माणसाला या विषयावर आपण होऊन प्रश्न विचारू नका. त्यांनी काढला तर ऐका.

१८. भाषा अजून बोलतात का? मराठी माणसाला शिकायला अवघड आहे?

अनिशिनाबेमोविन थोरल्यांच्या तोंडी आहे. निवासी शाळांनी मधली पिढी तोडली, म्हणून मुलांना ती आता मुद्दाम शिकवावी लागते. आपल्याला एक गोष्ट फार सोपी जाते. इंग्रजीत एकच 'वी' आहे, पण त्यांच्याकडे आपल्या 'आम्ही' आणि 'आपण' सारखा भेद आहे : नीनाविंद म्हणजे तुम्ही सोडून आम्ही, गीनाविंद म्हणजे तुम्हांसकट आपण. अवघड जातं ते लिंग. पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, सजीव-निर्जीव आहे, आणि दगड, कढई सजीवात मोडतात. सुरुवातीला तीन शब्द पुरतात : बोझू म्हणजे नमस्कार, मीग्वेच म्हणजे आभार, निबी म्हणजे पाणी.

कुळाला 'दोदेम' म्हणतात : करकोचा, अस्वल, मार्टेन, स्टर्जन मासा वगैरे. ते बापाकडून येतं आणि एकाच दोदेमात लग्न होत नाही, मग दोघं शेकडो मैलांवरच्या गावांतली का असेनात. आपल्याकडचं देवक आठवा. तिथंही झाड-प्राण्याचं नातं आणि देवक जुळलं तर सोयरीक नाही.

१९. बाहेरच्या माणसाशी लग्न केलं तर तो सदस्य होतो का? मुलांचं काय?

लग्नानं आज कुणी सदस्य होत नाही आणि कुणाचा दर्जा (प्र. ४ मधला 'स्टेटस', म्हणजे कायद्यानं झालेली नोंदणी) जातही नाही. १७ एप्रिल १९८५ पूर्वी उलट होतं, आणि बायकांवर सरळ अन्याय होता : बाईनं बाहेर लग्न केलं तर तिचा दर्जा जायचा, पुरुषानं केलं तर बाहेरच्या बायकोला मिळायचा. १९८५ ची दुरुस्ती आणि पुढच्या सुधारणांनी हजारो बायकांना आणि त्यांच्या वंशजांना तो परत मिळाला.

खरी मेख मुलांची आहे. दर्जा दोन प्रकारचा, कलम ६(१) आणि ६(२). समजा आजी ६(१) आहे आणि आजोबा बाहेरचे : त्यांचा मुलगा ६(२). त्यानंही बाहेर लग्न केलं तर त्याच्या मुलांना दर्जा नाही. पण दोन ६(२) माणसांचं मूल मात्र पुन्हा ६(१). आणखी एक फरक लक्षात घ्या : केंद्राचा 'दर्जा' आणि बँडचं 'सदस्यत्व' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण बँडला स्वतःचे सदस्यत्व-नियम करता येतात. एक आहे म्हणून दुसरं असेलच असं नाही.

२०. या लोकांना कर नसतो म्हणतात. खरं का?

अर्धंच. कलम ८७ प्रमाणे दर्जा असलेल्या माणसाची रिझर्व्हवरची मालमत्ता आणि रिझर्व्हवर मिळवलेलं उत्पन्न करमुक्त. तोच माणूस विनिपेगच्या कचेरीत काम करत असेल तर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याइतकाच आयकर भरतो. दर्जा नसलेल्याला रिझर्व्हवर राहिला म्हणून ही सूट मिळत नाही.

२१. शोल लेक ३९ चीही हीच कहाणी का?

नाही, आणि ही गल्लत निमंत्रणं, देणग्या, बातम्या सगळ्यांत होते. ३९ म्हणजे इस्काटेविझागेगन, ऑन्टारियोच्या बाजूचं वेगळं फर्स्ट नेशन, त्याचं कौन्सिल वेगळं. प्र. १४ मधला करार त्यांच्याशी झालेला नाही. त्यांनी विनिपेगविरुद्ध ऑन्टारियोच्या न्यायालयात स्वतंत्र दावा लावला. नातेसंबंध मात्र दोन्ही गावांत घट्ट आहेत.

२२. विनिपेगला आमच्या नळाला येतं ते पाणी खरंच तिथलंच? गाव बघायला जाता येईल का?

हो, तिथलंच. शहराच्या पूर्वेला डीकन इथं २००९ पासून प्रक्रिया होते आणि मग ते घरोघरी जातं. जलवाहक बराचसा जमिनीखाली आहे. बाजूनं बांधकामासाठी टाकलेला रेल्वेमार्गही अजून आहे, पण ती प्रवासी गाडी नाही.

जायला रस्ता आहे म्हणून थेट जाऊ नका. कौन्सिलच्या कार्यालयात आधी कळवा, कारण गाव हे लोकांचं घर आहे. पॉवाव, म्हणजे नाचगाण्याचा मेळावा, असेल तर पाहुण्यांचं स्वागत असतं. प्रवेश-मिरवणुकीला उभं राहायचं, मधल्या वर्तुळात बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि फोटो विचारूनच. गरुडाचं पीस जमिनीवर पडलं तर कॅमेरा लगेच खाली. नर्तकांच्या पोशाखाला 'कॉस्च्युम' म्हणू नका, तो रेगालिया. दारू अजिबात नाही. एखाद्या ज्येष्ठाकडून काही शिकायचं, विचारायचं असेल तर आधी थोडा तंबाखू पुढे करतात, कापडात बांधून, डाव्या हातानं. त्यांनी घेतला तर बोलणं सुरू होतं. नाही घेतला तर त्या दिवशी तो विषय नाही, आणि पुन्हा विचारायचं नाही.